मृग, मृगव्याध आणि वेदकाल : ‘ओरायन’मधील कथामीमांसेचे परीक्षण

१

लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे बीज गीतेच्या दहाव्या अध्यायातील विभूतिवर्णनात आहे. महिन्यांमध्ये मार्गशीर्षालाच अग्रमान का मिळावा, या शंकेतून विचाराची सुरुवात झाली, असे टिळकांनी स्वतःच प्रस्तावनेत नमूद केले आहे. लंडन येथे १८९२ साली भरलेल्या नवव्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी या विषयावर निबंध लिहिला आणि पुढील वर्षी तो ग्रंथरूपाने प्रकाशित केला. त्याच सुमारास जर्मनीत याकोबी यांनी स्वतंत्र मार्गाने जवळजवळ त्याच निष्कर्षाकडे वाटचाल केली होती. ब्यूलर यांनी १८९४ मध्ये या दोघांच्या विवेचनाचे बव्हंशी स्वागत केले. व्हिटनी यांनी त्याच वर्षी आणि थीबो यांनी १८९५ मध्ये त्यावर कठोर आक्षेप घेतले.

तेव्हापासून आजतागायत या ग्रंथाची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे : ऋग्वेदाचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांपर्यंत मागे जातो की नाही? या वादात ग्रंथाच्या एका अंगाकडे दुर्लक्ष झाले. ‘ओरायन’ हा कालनिर्णयाचा ग्रंथ आहेच, पण त्याहून अधिक तो कथामीमांसेचा ग्रंथ आहे. त्यातील पुष्कळ पृष्ठे गणिताने व्यापलेली नसून प्रजापति, रुद्र, रोहिणी, नमुचि, वृषाकपि आणि यमाचे श्वान यांच्या कथांनी व्यापलेली आहेत. या कथांचा अर्थ लावण्याची टिळकांची रीत कोणती, तिचे बळ कशात आहे आणि ती कोठे थकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम मूळ कथा पाहू. ऐतरेय ब्राह्मणाच्या तिसऱ्या पंचिकेत ती येते. प्रजापतीला आपल्या कन्येविषयी अभिलाष उत्पन्न झाला. ही कन्या म्हणजे द्यौ असे काही म्हणतात, तर काही उषा म्हणतात, हेही ब्राह्मणकार प्रामाणिकपणे नोंदवितात. कन्येने लाल हरिणीचे रूप घेतले, तेव्हा प्रजापति ऋश्य नावाचा मृग होऊन तिच्याकडे गेला. जे कधी केले जात नाही ते प्रजापति करीत आहे, हे पाहून देव क्षुब्ध झाले. त्याला शासन करू शकेल असा कोणी त्यांच्यात नव्हता. म्हणून त्यांनी आपापली घोरतम रूपे एकत्र केली आणि त्यांतून एक देव निर्माण झाला. त्याने प्रजापतीला बाणाने विद्ध केले. विद्ध झालेला प्रजापति वर उसळला, तोच आकाशातील मृग. त्याला विंधणारा तो मृगव्याध, ती हरिणी रोहिणी, आणि तीन कांडांचा तो बाण आकाशातील त्रिकांड बाण.

या कथेचे वैशिष्ट्य असे की, तिचे नाक्षत्र स्पष्टीकरण आधुनिक पंडितांनी तिच्यावर लादलेले नाही. ते खुद्द ब्राह्मणकारांनीच दिले आहे. टिळकांचे पहिले श्रेय हे की त्यांनी हे स्पष्टीकरण गांभीर्याने घेतले आणि आकाशाशी ताडून पाहिले. मृगशीर्षाच्या तीन मंद तारका हे मृगाचे शिर, त्याखालच्या चार ठळक तारा हे पाय, मधल्या एका ओळीतील तीन तारा हा शरीरात रुतलेला बाण. ही ओळ आग्नेयेकडे वाढविली असता ती आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याजवळ, म्हणजे मृगव्याधाजवळ पोहोचते. वायव्येकडे वाढविली तर लालसर रोहिणीच्या परिसरात जाते. मृगव्याधाच्या ओळखीविषयीही संदेहाला जागा नाही, कारण सूर्यसिद्धांतात त्याचे जे स्थान दिले आहे ते याच ताऱ्याशी जुळते. शिकारी, बाण, सावज आणि सावजाचे लक्ष्य ही चौघे एका रेषेत उभी आहेत. आकाशाचा इतका नेमका उपयोग करणारी कथा प्राचीन वाङ्मयात विरळाच सापडेल.

टिळकांचे दुसरे श्रेय त्यांच्या तौलनिक दृष्टीचे. मृगाच्या मध्यावरील तीन ताऱ्यांना ग्रीकांनी कमरपट्टा मानले. अवेस्तात हओमाला ताऱ्यांनी खचलेली मेखला दिलेली आहे. पारशी समाजातील कुस्ती आणि आपले यज्ञोपवीत यांच्याशी या मेखलेचा संबंध जोडणारे टिळकांचे प्रकरण आजही वाचनीय आहे. यज्ञ म्हणजेच प्रजापति, आणि त्याने धारण केलेले ते उपवीत, हा विचार सिद्ध झाला नाही तरी सूचक आहे. आकाशगंगेच्या दोन्ही तीरांवरील श्वानांना यमलोकाच्या वाटेवरील श्वानांशी जोडणारे त्यांचे विवेचनही असेच आहे. अनुमान म्हणून ते कितीही धाडसी असले, तरी सामग्री एकत्र करणाऱ्याची बहुश्रुतता त्यात प्रतिपदी जाणवते.

३

येथपर्यंत टिळकांच्या मागोमाग निःशंकपणे जाता येते. अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते.

टिळकांची तर्कसरणी थोडक्यात अशी आहे. ब्राह्मणग्रंथांत प्रजापति, यज्ञ आणि संवत्सर यांचे ऐक्य वारंवार सांगितले आहे. म्हणून प्रजापतीचे शिर म्हणजे संवत्सराचे शिर, अर्थात वर्षारंभ. मृगशीर्ष हे प्रजापतीचे शिर असेल तर एके काळी वर्षारंभ मृगशीर्षावर होत असला पाहिजे. वर्षारंभ वसंतसंपाताशी निगडित होता असे गृहीत धरले, तर संपात मृगशीर्षात होता असे ठरते. संपातबिंदु सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकतो. मृगशीर्षाच्या तारका आजच्या संपातापासून सुमारे चौऱ्यांशी अंशांवर आहेत. गुणाकार केला की सहा हजार वर्षे, म्हणजे इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपासचा काळ निघतो. गणितात चूक नाही. प्रश्न आहे तो गणिताला पुरविलेल्या सामग्रीचा.

या तर्काला टिळकांनी तैत्तिरीय संहितेचा आधार दिला. गवामयन सत्राची दीक्षा केव्हा घ्यावी, याची चर्चा करताना तेथे एकाष्टका, फाल्गुनी पौर्णिमा आणि चित्रा पौर्णिमा असे तीन पर्याय येतात. फाल्गुनी पौर्णिमेला संवत्सराचे मुख म्हटले आहे. त्या पौर्णिमेस उत्तरायणारंभ होत असे असे मानले, तर वसंतसंपात मृगात येतो. चित्रा पौर्णिमेस तो होत असे असे मानले, तर संपात पुनर्वसूत येतो; आणि पुनर्वसूची देवता अदिति. यावरून टिळकांनी अदितिकाल, मृगशीर्षकाल आणि कृत्तिकाकाल असे क्रमाने थर लावले. मृगशीर्षकाल त्यांच्या मते इसवी सनापूर्वी ४००० ते २५०० असा होता.

येथे थांबून विचारले पाहिजे की, एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवलेले तीन पर्याय हे तीन युगांचे अवशेष आहेत, असे मानण्यास पुरावा कोणता? ते पर्याय मांडणारा याज्ञिक त्यांच्याकडे आपल्या काळातील व्यवहार्य निवडी म्हणून पाहतो. कोणत्या निवडीत पावसाची अडचण येते, कोणती निर्दोष, याची तो चर्चा करतो. फाल्गुनी पौर्णिमा वसंत ऋतूचे तोंड म्हणूनही संवत्सराचे मुख ठरू शकते, त्यासाठी अयनबिंदूची गरज नाही, हा थीबो यांचा आक्षेप अद्याप अनुत्तरित आहे. मार्गशीर्षाच्या आग्रहायण या नावाची गोष्टही अशीच आहे. मृगाच्या पौर्णिमेस वसंतसंपात मानला तर वीस हजार वर्षांचा काळ निघतो, हे टिळकांनीच दाखविले आणि ते अग्राह्य ठरविले. मग ज्या रीतीने एके ठिकाणी अग्राह्य उत्तर येते तीच रीत दुसऱ्या ठिकाणी प्रमाण कशी मानावी? एका ठिकाणी पौर्णिमेचे नक्षत्र घ्यावयाचे आणि दुसऱ्या ठिकाणी सूर्याचे, हे स्वातंत्र्य उत्तर आधीच ठरलेले असल्यावाचून घेता येत नाही.

‘ओरायन’ या ग्रीक शब्दाची आग्रयणाशी जोडलेली व्युत्पत्ति तर सोडूनच द्यावी लागेल. ग्रीक काव्यात त्या नावाचे ‘ओआरिओन’ असे जे जुने रूप आढळते, त्याच्याशी ती जुळत नाही. शिवाय आग्रयण हे नव्या धान्याच्या इष्टीचे नाव आहे. त्याचा संबंध शेताशी आणि कणसाशी आहे.

४

पण याहून मूलगामी असा एक आक्षेप आहे, आणि तो गणिताचा नसून ग्रंथपरंपरेचा आहे.

पिता आणि कन्या यांची ही कथा ऋग्वेदात येते. दहाव्या मंडलातील एकसष्टाव्या सूक्तात तिचा स्पष्ट निर्देश आहे आणि पहिल्या मंडलातील एकाहत्तराव्या सूक्तात धनुर्धराच्या बाणासह अस्पष्ट निर्देश आहे. या दोन्ही ठिकाणी मृग नाही, हरिणी नाही, नक्षत्र नाही. जी कथा टिळकांच्या मते संपात मृगात असताना आकाश पाहून जन्माला आली, तिच्या सर्वांत जुन्या रूपात आकाशातील मृगाचा मागमूस नसावा, ही गोष्ट उपेक्षणीय नाही. ऋग्वेदात वृत्राला किंवा वृषाकपीला मृग म्हटले आहे, हे टिळक निदर्शनास आणतात. परंतु त्या भाषेत मृग म्हणजे कोणताही वन्य पशु. त्या शब्दातून नक्षत्र काढावयाचे तर ते आधी आपणच त्यात ठेवावे लागते.

शतपथ ब्राह्मणाची साक्ष याहून बोलकी आहे. तेथे हीच कथा दोन ठिकाणी उपयोजिली आहे. पहिल्या कांडात ब्रह्मा नावाच्या ऋत्विजाने भक्षावयाच्या प्राशित्र या हविर्भागाचे महत्त्व सांगताना ती येते. विद्ध प्रजापतीच्या देहातून काढलेल्या त्या अंशाने भगाचे डोळे गेले, पूषाचे दात पडले, असे सांगितले आहे. ताऱ्यांचा उल्लेख नाही. दुसऱ्या कांडात अग्न्याधानासाठी नक्षत्र निवडण्याची चर्चा चालू असताना मात्र मृगशीर्ष हे प्रजापतीचे शिर म्हणून येते, आणि ते टाकून दिलेल्या देहाचे नक्षत्र असल्यामुळे त्यावर अग्नि ठेवावा की नाही, असा प्रश्न उपस्थित होतो. एकाच ग्रंथात कथा एक, प्रयोजने दोन, आणि नक्षत्र येते ते नक्षत्राचा विषय निघाला तेव्हाच. यावरून सरळ अनुमान निघते ते हे की, कथा आकाशातून खाली उतरलेली नाही. ती पृथ्वीवर तयार होऊन वर चढलेली आहे.

मग ती त्याच ताऱ्यांवर का स्थिरावली? याचे उत्तर प्रत्यक्ष आकाशात मिळते. प्रथम रोहिणी उगवते. तासाभराने मृगाचे शिर क्षितिजावर येते. त्यानंतर सुमारे पावणेदोन तासांनी मृगव्याध दिसू लागतो. रात्रभर हाच क्रम चालतो आणि पश्चिमेकडे हाच क्रम मावळतो. पुढे पळणारी हरिणी, मागे मृग आणि त्याच्या मागे व्याध हा पाठलाग दररोज रात्री, डोळ्यांदेखत, कोणत्याही गणितावाचून दिसतो. या कथापरंपरेचा अर्थ लावताना असेही मांडले गेले आहे की, संपात मृगाकडून रोहिणीकडे सरकला हाच प्रजापतीचा कन्येकडे वळण्याचा अर्थ होय. हे सरकणे पूर्ण होण्यास हजारएक वर्षे लागतात. जे एका रात्रीत दिसते त्याचे स्पष्टीकरण सहस्रकाच्या गतीत शोधणे, हे साधे उत्तर डावलून दूरचे उत्तर पसंत करण्यासारखे आहे.

इतर देशांतील आकाशाकडे पाहिले म्हणजे हीच गोष्ट दृढ होते. हाच तारकासमूह बाबिलोनियात अनू देवाचा सच्चा मेंढपाळ होता, ईजिप्तमध्ये ओसायरिसशी संबद्ध असा साह होता, ग्रीसमध्ये कृत्तिकांच्या मागे लागलेला शिकारी होता. आपला मृगव्याध बाबिलोनियात स्वतःच बाण आहे. चीनमध्ये तो लांडगा असून त्याच्यावर दुसऱ्या ताऱ्यांचे धनुष्य रोखलेले आहे. अवेस्तात तो तिश्त्र्य असून त्याच्या गतीला धनुर्धराने सोडलेल्या बाणाची उपमा दिलेली आहे. धनुष्य, बाण आणि शिकार ही कल्पना या प्रदेशातील ताऱ्यांभोवती अनेक संस्कृतींत घोटाळत राहिली, पण भूमिका मात्र बदलत गेल्या. आपल्याकडील विदर्भातील गोंड समाजाच्या नक्षत्रज्ञानावरील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच मृगाच्या मधल्या ताऱ्यांना नांगर मानल्याची नोंद आहे. ज्याच्या हातात धनुष्य होते त्याने बाण पाहिला, ज्याच्या हातात नांगर होता त्याने नांगर पाहिला. तारे तेच, संपातही तोच, कथा मात्र पाहणाऱ्याच्या जीवनातून आलेली.

५

टिळकांवर आक्षेप घेणाऱ्यांनीही सावध राहणे आवश्यक आहे. नैसर्गिक स्पष्टीकरणाचा मोह त्यांनाही असतो. रोहिणीचीच दुसरी कथा घ्या. तैत्तिरीय संहितेत प्रजापति आपल्या तेहतीस कन्या सोमाला देतो. सोम केवळ रोहिणीपाशी राहतो. बाकीच्या रागावून परत जातात आणि सोमाला राजयक्ष्मा जडतो. चंद्र काही वर्षे दरमहा रोहिणीला झाकतो, हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. घटना खरी आहे. सुमारे साडेअठरा वर्षांच्या आवर्तनात अशी पिधाने होतात; २०१५ ते २०१८ या काळात ती झाली. पण चंद्र मघेलाही झाकतो, चित्रेलाही झाकतो, ज्येष्ठेलाही झाकतो. मग प्रीति एकट्या रोहिणीवरच का? पिधान हे कथेला निमित्त पुरवील, कथेची निवड ते स्पष्ट करू शकत नाही. नक्षत्रदेवतांच्या यादीत रोहिणीची देवता प्रजापति आणि मृगशीर्षाची देवता सोम आहे, तर शेजारच्या आर्द्रेची देवता रुद्र. पिता, प्रियकर आणि शासनकर्ता हे तिघेही रोहिणीच्या अवतीभोवती उभे आहेत. या दोन कथा एकमेकींत कशा गुंतल्या, हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे आणि तो कोणत्याही पंचांगाने सुटणारा नाही.

या संदर्भात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या पद्धतीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, या शतपथ ब्राह्मणातील विधानावरून त्यांनी त्या विधानाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे ठरविला. त्यांच्याही निष्कर्षावर आक्षेप आहेत. पूर्व हा शब्द किती काटेकोर घ्यावा, आणि विधान प्रत्यक्ष निरीक्षणाचे की जुन्या पाठांतराचे, हे निश्चित नाही. बौधायन श्रौतसूत्रात शाळेची पूर्वदिशा साधण्यासाठी कृत्तिकांबरोबर श्रवण आणि चित्रा-स्वातींचा मध्य हेही पर्याय सांगितले आहेत, यावरून दिशासाधनाला थोडी ढिलाई चालत असावी असे वाटते. तथापि दीक्षितांनी आधारास घेतलेले वाक्य निरीक्षणाचे वाक्य आहे. त्याची परीक्षा करता येते, ते चूक ठरू शकते. कथेवर आधारलेले अनुमान चूक ठरविता येत नाही, कारण कथा प्रत्येक अर्थाला होकार देते. हाच या दोन समकालीन पंडितांच्या पद्धतींतील खरा भेद होय.

६

या सर्वाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. टिळकांचा ग्रंथ शतकापेक्षाही जुना. त्यातील उणिवा आज दाखविण्यात पुरुषार्थ कोणता? उत्तर असे की, ग्रंथ जुना झाला तरी त्याची रीत जुनी झालेली नाही. आज कोणत्याही प्राचीन रात्रीचे आकाश संगणकाच्या पडद्यावर क्षणात उभे करता येते. त्यामुळे महाकाव्यातील एखादा ग्रहयोग किंवा पुराणातील एखादी नक्षत्रकथा घेऊन तारीख काढणे पूर्वीपेक्षा फार सोपे झाले आहे, आणि तारीख जितकी मागे जाईल तितका अभिमान मोठा, असा हिशेब रूढ होत आहे. टिळकांजवळ हे साधन नव्हते. त्यांच्याजवळ मूळ ग्रंथांचे सखोल वाचन होते आणि विरुद्ध पुरावा नमूद करण्याचा प्रामाणिकपणा होता. त्यांचे निष्कर्ष उचलून त्यांचे वाचन सोडून देणारे त्यांचे अनुयायी म्हणवून घेण्यास पात्र नाहीत.

शिवाय तारखेच्या शोधात खुद्द कथाच हरवते. ऐतरेय ब्राह्मणात ही कथा सांगण्याचे स्थान कोणते आहे? तृतीय सवनातील आग्निमारुत शस्त्र म्हणताना रुद्राची ऋचा येते. त्या ऋचेत रुद्राचे नाव सरळ घेऊ नये, शब्द किंचित बदलून म्हणावी, अशी सूचना कथेपाठोपाठ दिलेली आहे. कथेतही त्याचे नाव टाळले आहे. ज्या देवाने प्रत्यक्ष प्रजापतीला शासन केले त्याचे भय येथे शब्दाशब्दांत आहे. निर्मात्याच्या हातून मर्यादेचा भंग झाला तर त्याला शिक्षा कोणी करावी, हा या कथेचा प्रश्न आहे. कोणा एका देवाला ते बळ नव्हते. सर्वांची घोर रूपे एकवटली तेव्हा तो शास्ता जन्मला. आणि सांडलेल्या रेताचे सरोवर झाले तेव्हा देवांनी ते दूषित होऊ नये असे म्हटले. त्या ‘मादुष’ शब्दापासून ब्राह्मणकार मानुष शब्द साधतात. व्युत्पत्ति खोटी असेल, पण तिच्यातील आशय गंभीर आहे. मनुष्य म्हणजे जे दूषित होऊ द्यावयाचे नाही ते.

हा विचार करणाऱ्या माणसांनी आपल्या कथेला साक्षीदार म्हणून आकाशातील चार ठळक खुणा निवडल्या. पुढे महाभारताच्या सौप्तिक पर्वात यज्ञच मृग होऊन रुद्रापुढे आकाशात पळाला. शाकुंतलाच्या आरंभी सारथ्याला मृगामागे धावणारा राजा पिनाकपाणीसारखा दिसला. कथेचे आयुष्य असे परंपरेत मोजावयाचे असते. साक्षीदाराला घड्याळ समजून त्याच्याकडून वेळ वदवून घेण्याचा खटाटोप टिळकांनी केला, आणि त्या खटाटोपात या कथेकडे आधुनिक महाराष्ट्राचे लक्ष प्रथमच इतक्या समर्थपणे वेधले. पहिली गोष्ट नाकारूनही दुसरीबद्दल कृतज्ञ राहता येते. ‘ओरायन’ आज वाचावा तो वेदांचे वय जाणण्यासाठी नव्हे. मूळ ग्रंथ एका हाती आणि आकाश डोळ्यांपुढे ठेवून कसे वाचावे, आणि त्या दोहोंपैकी एकाचे ऐकताना दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द कसे घालू नयेत, हे शिकण्यासाठी वाचावा.